काळ्या लोकरीची मूठ

मोहवाडीच्या झुंबरबाईला शाळेची पायरी चढायला पंचावन्न वर्षं लागली, आणि चढली ती भांडायलाच. बरं, भांडून घरी जावं ना माणसानं? हिनं तिथंच उंबऱ्याशी बूड टेकलं ते पुढं चौदा वर्षं उचललं नाही. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात ती वारली. सकाळची शाळा होती. सुट्टी द्या म्हणून वरून काही हुकूम आला नव्हता, पण लेकरं आपली आपणच उठली आणि तिच्या दारात जाऊन बसली.

कुंभार पिंपळगावचा बाजार करून दिवस मावळायच्या आत घरी येता येईल, एवढ्या अंतरावर मोहवाडी. राज्य निझामाचं. गावाच्या खालच्या अंगाला धनगरांची दहा-बारा घरं होती, त्यातलं शेवटचं झुंबरबाईचं. नवरा तरणाच गेला. मुलगा कचरू आणि सून सोनूबाई दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरायची, ती मिरगाला परत यायची. झुंबरबाईच्या गुडघ्यांनी एवढं चालायला साफ नकार दिला, म्हणून ती घरी राहायला लागली आणि आठ वर्षांची नात तुळजा तिच्यापाशी राहिली. दोघी आजी-नाती डावऱ्या. झुंबरबाई लोकर कातायची चाती डाव्या हातानं अशी गरकन फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं हिचं सूत उलटंच निघणार. पण सूत निघायचं सरळ, आणि तुटायचं नाव नाही.

बाई तोंडाची फटकळ, पण जनावराच्या अंगाला तिचा हात कधी लागला नाही. धनगर मेंढरापुढं चालतो, मागनं बडवत नाही, असं तिचं म्हणणं. काठी कशाला? तर लांडग्याला.

आता अशा बाईला शाळेचं वेड कुठून लागलं? तर एका चिठ्ठीवरून. कचरू परतूरच्या बाजूला मेंढरं घेऊन गेला होता. चराईची सरकारी चिठ्ठी लागायची, उर्दूत लिहिलेली, शिक्का मारलेली. त्याच्या कनवटीला दोन चिठ्ठ्या होत्या, एक गेल्या सालची, एक चालू सालची. वाचता येत नव्हतं, त्यानं दाखवली नेमकी गेल्या सालची. शिपायानं मेंढरं कोंडवाड्यात घातली. दुसरी चिठ्ठी वाचणारं कुणी मिळेपर्यंत तीन दिवस गेले, आणि तीन दिवसांत चौदा कोकरं पाण्यावाचून मेली. चिठ्ठी कनवटीलाच होती हो! बराबर, खरी, चालू सालची. कचरूनं हे सांगितलं तेव्हा झुंबरबाई रडली नाही. तिनं तुळजाकडं बघितलं आणि म्हणाली, "घरात एक तरी वाचणारं पाहिजे. ही शाळेत जाईल."

"पोरीची जात," कचरू म्हणाला.

"चिठ्ठीला काय कळतंय कोण वाचून राह्यलं ते?" झुंबरबाई म्हणाली, आणि विषय मिटला.

शाळा म्हणजे चावडीशेजारची एक लांबट खोली. पुढं एक पायरी. मास्तर एकच, बद्रीनाथ मास्तर, तिशीतला किडकिडीत माणूस. आधी मराठी, मग मोठ्या लेकरांना उर्दूही. लेकरं तेवीस, त्यात पोरी दोन. बाकीची आत तरटावर बसायची, आणि मांगवाड्यातला रामकिसन बाहेर पायरीवर. तिथूनच मान लांब करून फळ्याकडं बघायचा. हे असंच असतं असं गावाला वाटायचं, आणि खोटं कशाला बोला, तेव्हा झुंबरबाईलाही तसंच वाटलं.

मोहवाडीत लेकरू शाळेत घालायची एक रीत होती. पाटीला हळदकुंकू, मास्तरांच्या हातात नारळ, आणि नारळाबरोबर घरची एक काठी. निरगुडीची, चिंचेची, ज्याला जी मिळेल ती. पण तासावी घरच्याच माणसानं. ज्याच्या त्याच्या लेकराला ज्याच्या त्याच्या घरच्या काठीनं मास्तरनं शिकवावं, म्हणजे उद्या कुणी तक्रार करायला नको. काठ्या कोपऱ्यात एका फुटक्या रांजणात उभ्या करून ठेवलेल्या असायच्या. काठी घरी परत गेली, तर लेकराचं नाव पटावरून गेलं, असं समजायचं.

झुंबरबाईला काही करायचं म्हणजे नीटच करायचं. तिनं चिंचेची फांदी निवडली, सावलीत वाळवली, काचेनं घासून गुळगुळीत केली. आणि मास्तरच्या हाताला फोड येऊ नये म्हणून मुठीशी काळ्या लोकरीचा दोरा घट्ट गुंडाळला. वा! गावातल्या बायका बघायला आल्या. मास्तरांनी पायरीखाली येऊन ती हातात धरून बघितली आणि म्हणाले, "झुंबरबाई, अशी काठी आजवर कुणी दिली नाही."

बाई फुशारून घरी आली. दोन दिवस तिनं हे सगळ्या धनगरवाड्याला सांगितलं.

दोन महिने झाले. तुळजा जायची, यायची, विचारलं तर "हं" म्हणायची. एका संध्याकाळी झुंबरबाईनं तिच्या हातात चाती दिली. "धर गं जरा, म्या चुलीकडं बघते." चाती खाली पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. तेव्हा झुंबरबाईनं तिचा डावा हात ओढून चुलीच्या उजेडात धरला. बोटांचे पेर सुजून काळेनिळे झाले होते आणि मधलं बोट वाकत नव्हतं.

"कुणी केलं गं हे?"

तुळजानं हात मागं ओढला.

"बोल, माय. तुला म्या कधी काही बोलले का?"

"डाव्या हातानं लिहिती म्हनून," तुळजा म्हणाली. "पेन्सिल डाव्या हातात धरली की मास्तर मारतेत. उजव्यानं मला येत न्हाई, आजी. रेघच उमटत न्हाई."

झुंबरबाईनं तेलाची वाटी घेतली आणि हात चोळायला बसली. चोळता चोळता म्हणाली, "उद्या सांगते मास्तरला. दुसऱ्या लेकरांना बी मारतेत का असंच?"

"सगळ्यायलाच मारतेत. आपल्याच काठीनं."

"आपल्याच म्हंजे? ज्याच्या त्याच्या ना?"

"न्हाई. आपल्या. मपल्या काठीनं. मास्तर म्हनतेत ही हातात बराबर बसती." तुळजाचा आवाज आता बारीक झाला. "म्हनून माझ्याजवळ कुणी बसत न्हाई. तुझ्या आजीची काठी, तुझ्या आजीची काठी, असं म्हनतेत. म्या तरटावर बसले की दोन्हीकडची सरकतेत."

झुंबरबाईचा हात तेलात तसाच राहिला. काळी लोकर तिनं स्वतः कातली होती. दोरा दातानं तोडला होता. मास्तरच्या हाताला फोड येऊ नये म्हणून! अगं बया, आणि लेकरांच्या हाताला? तेवीस लेकरांपैकी एकाच्याही हाताचा विचार तिच्या मनात आला नव्हता. उभ्या जन्मात मेंढराला चापट न मारणाऱ्या बाईनं सगळ्या गावाच्या लेकरांना मारायची सोय करून दिली होती. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की तिनं तुळजाला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडली. मग डोळे पुसले. रडून काही होणार नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

सकाळी तुळजाचा हात धरून ती शाळेत गेली. पाढे चालले होते. ती पायरी चढून उंबऱ्यात उभी राहिली, तसे पाढे थांबले.

"मास्तर, मपली काठी परत द्या."

मास्तर उठून पुढं आले. "म्हणजे? तुळजीला काढून नेता का?"

"न्हाई. तुळजा इथंच बसंल. काठी तेवढी द्या."

"असं कसं, झुंबरबाई? काठी परत म्हणजे नाव कमी. गावची रीत आहे."

"तिचं बोट बघा. वाकत न्हाई ते."

मास्तर बोटाकडं बघून जरा वरमले, पण तेवढ्यापुरतेच. लेकरं ऐकत होती ना! "डाव्या हातानं विद्या घेत नाहीत. सवय मोडायला नको का? तिच्या भल्यासाठीच."

"व्हय का?" झुंबरबाई म्हणाली. "तुमी डावीकडनं लिहित जाता. चावडीतला चिठ्ठ्या लिहिणारा मुन्शी उजवीकडनं लिहित येतो. त्याच्या उलट्या लिहिण्यानं मपली चौदा कोकरं मेली, इतका त्याला मान. त्याला कुणी छडी मारली न्हाई. मंग मपल्या लेकरानं काय घोडं मारलंय?"

मागच्या बाजूला दोन-तीन पोरं खिदळली. मास्तरांचा चेहरा लाल झाला. "ते मला काही सांगू नका. काठी पाहिजे तर पोर घेऊन जा. पोर ठेवायची तर काठी राहील. पाटलांना विचारा."

आबाराव पाटील चावडीत पान लावत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चुन्याचं बोट खांबाला पुसलं. "झुंबरे, आम्ही काय मार न खाता मोठे झालो? माझ्या नातवाची काठी बी तिथंच हाये. म्याच सांगून ठिवलंय मास्तरला, हयगय करू नका म्हनून. तुला पटत नसंल तर पोरगी घरी ने. मेंढरं वळायला कुठं शाळा लागती?"

पाटलांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. तुळजाला घरी नेलं तर बोट वाचेल, पण पुन्हा कनवटीला दोन चिठ्ठ्या आणि वाचणारं कुणी नाही. शाळेत ठेवलं तर हात जाईल. झुंबरबाई चावडीच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं. तुळजा शाळेत बसेल, आणि धड हातानं बसेल. यातलं एकही ती सोडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा झुंबरबाई लोकरीचं गाठोडं आणि चाती घेऊन आली, आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"काही न्हाई. सूत कातून राह्यले. तुमी शिकवा."

मास्तरांना काय करावं कळेना. म्हाताऱ्या बाईला हाताला धरून बाहेर काढायचं म्हणजे धनगरवाडा अंगावर घ्यायचा. त्यांनी दुर्लक्ष केलं. त्या दिवशी तुळजाच्या अंगाला हात लागला नाही. पण पाढा चुकला म्हणून धर्मराज नावाच्या पोराला चार छड्या बसल्या, त्याच काठीनं. चाती थांबवून झुंबरबाईनं सुताला एक, दोन, तीन, चार अशा गाठी मारल्या. मेंढरं मोजायची धनगरांची ही जुनी तऱ्हा. मग थोड्या वेळानं पायरीवरच्या रामकिसनला दोन बसल्या. मास्तर त्याला शिवत नव्हते, पाटीसुद्धा लांबून बघायचे. पण काठीला तेवढा विटाळ नव्हता. झुंबरबाईनं दोन गाठी मारल्या आणि पहिल्यांदाच त्या पायरीकडं नीट बघितलं. पायरीवर ऊन आलं होतं आणि रामकिसननं पाटी डोक्यावर धरली होती.

शाळा सुटल्यावर ती धर्मराजच्या घरी गेली आणि त्याच्या आईच्या हातात सुताचा तुकडा ठेवला. "आज तुझ्या लेकराला चार."

"काय चार?"

"मोजून बघ."

त्या माउलीनं गाठींवरून बोट फिरवलं. लेकराला मार बसतो हे तिला माहीत होतंच. कुणाला माहीत नव्हतं? पण असं हातात कुणी आणून दिलं नव्हतं. धागा फेकून द्यावा तर फेकवेना. तिनं तो देवळीत ठेवून दिला.

रोज हेच. सकाळी झुंबरबाई उंबऱ्याशी, संध्याकाळी गावात घरोघरी. कुणी तिला वेडी म्हणालं, कुणी दार लावून घेतलं. तिनं दाराच्या कडीला धागा बांधला आणि पुढं गेली. मास्तरांनी एक-दोन दिवस हात आवरला, मग चिडून दुप्पट चालवला. "बांधा किती गाठी बांधायच्या त्या!" असंही एकदा ओरडले. बाईनं बांधल्या. आठव्या दिवशी ती पाटलाच्या वाड्याच्या मागच्या दारी गेली आणि पाटलीणबाईंना, गोपिकाबाईंना, धागा दिला. त्यावर अकरा गाठी होत्या.

"रायभानला?" गोपिकाबाईंनी विचारलं. रायभान म्हणजे त्यांचा नातू, सात वर्षांचा, बिनआईचा.

"वजाबाकी चुकली म्हनून. एकदा बी रडला न्हाई. व्हट चावून उभा व्हता."

गोपिकाबाईंनी धागा पदराला बांधून घेतला. त्या संध्याकाळी पाटलांच्या ताटाशेजारी चटणीच्या जागी तो धागा वाढलेला होता म्हणतात. पाटलांनी न्याय दिला होता चावडीत, तो फिरला चुलीपुढं.

सकाळी शाळेत गोपिकाबाई आल्या. पाटलीणबाई कधी दिवसाउजेडी चावडीपर्यंत आल्या नव्हत्या. पदर डोक्यावर ओढून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "मास्तर, आमच्या घरची काठी द्या. रायभान बसंल इथंच." त्यांच्या मागं धर्मराजची आई, तिच्यामागं आणखी चौघी. दुपारपर्यंत शाळेपुढं जत्रेची गर्दी झाली. प्रत्येकीचं एकच म्हणणं, काठी द्या आणि लेकरू ठेवा.

मास्तर पार घायकुतीला आले. महिन्यावर मोहतमीम साहेबांची, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांची फेरी आली होती. काठी परत म्हणजे नाव कमी, ही रीत धरली तर पट कोरा! कोरा पट दाखवला की शाळा बंद, शाळा बंद की मास्तर घरी. आणि रीत सोडली तर झुंबरबाईचं पहिल्या दिवशीचं म्हणणं काय वाईट होतं? मास्तर खुर्चीवर बसले. मग रांजण उचलून त्यांनी उंबऱ्याशी आणून ठेवला आणि म्हणाले, "ज्याची त्यानं ओळखून घ्या. नाव कुणाचंच कमी होत नाही."

शेवटी रांजणात दोन काठ्या राहिल्या. एक रामकिसनच्या घरची. त्याच्या आईला, गोजरबाईला, इथं यायची सोय नव्हती. दुसरी काळ्या मुठीची. ती मास्तरांनी स्वतः झुंबरबाईच्या हातात दिली.

"मला माराशिवाय शिकवता येत नाही, झुंबरबाई," ते हळूच म्हणाले. "मला तसंच शिकवलं होतं."

"मंग आता लेकरांसंगं तुमी बी शिका," बाई म्हणाली. "म्या हाये इथं."

दुसऱ्या दिवशी मास्तर तरटापाशी आले तसा तुळजानं सवयीनं डावा हात पुढं केला आणि डोळे मिटून घेतले. मास्तर थबकले. मग त्यांनी खाली वाकून तिची पेन्सिल उचलली आणि त्याच हातात ठेवली. तिनं पाटीवर रेघ ओढली, चांगली सरळ. झुंबरबाईला वाटलं, झालं, आपलं काम संपलं.

कुठलं काय! हात सुटला, पण जागा नाही सुटली. तरटावर तुळजाच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर जागा रिकामीच. काठी गेली तरी "तुझ्या आजीची काठी" कुणी विसरलं नव्हतं. झुंबरबाईनं तीन दिवस ते बघितलं. चौथ्या दिवशी तिनं ती काठी हातात घेतली आणि गावात निघाली.

आता हे जे तिनं केलं ते मोहवाडीत त्याआधी कुणी केलेलं नव्हतं. ती ज्या त्या घरी गेली, घरच्या मोठ्या माणसांना बाजूला व्हायला सांगितलं आणि लेकरापुढं खाली बसली. "ही काठी म्या केल्ती. तुला लागली. चूक मपली हाये. मला माफ कर." बाप हसले, आज्या कानकोंड्या झाल्या. "लेकराची कसली माफी मागती गं बाई?" लेकरं तर पार भांबावून गेली. धर्मराज आईच्या पदराआड लपून "बरं" म्हणाला. रायभाननं काठीला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "आता न्हाई दुखत." एकवीस घरं झाली.

राहिला रामकिसन. गावाबाहेर, ओढ्यापलीकडं. झुंबरबाई ओढा उतरून गेली तेव्हा गोजरबाई दोर वळत होती, ती उठूनच उभी राहिली. वरच्या गावातलं माणूस दारात येऊन बसलं असं तिनं पाहिलं नव्हतं. झुंबरबाई रामकिसनपुढं बसली, तेच बोलली.

रामकिसन नऊ वर्षांचा. त्यानं काठीकडं बघितलं, बाईकडं बघितलं आणि म्हणाला, "न्हाई करत."

"रामकिसन!" गोजरबाई घाबरली.

"राहू दे," झुंबरबाई म्हणाली. "त्याचा हक हाये. म्या उद्या येते."

दुसऱ्या दिवशी गेली. "न्हाई करत." तिसऱ्या दिवशी गेली. "न्हाई." गुडघे कुरकुरत होते, ओढ्यातले दगड निसरडे होते, गावात कुजबुज सुरू झाली होती. बाई अकरा दिवस गेली. गोजरबाई तिला आता दोराच्या कामात हात लावू द्यायची. वळण तुझं चांगलं हाय पण उलटं हाय, म्हणून हसायची. बाराव्या दिवशी पावसाची भुरभुर होती, जायला जरा वेळ झाला. रामकिसन ओढ्याच्या अलीकडंच उभा होता.

"आज उशीर केला," तो म्हणाला.

"गुडघं धरलंय. मंग? करतो का माफ?"

रामकिसन अंगठ्यानं चिखल उकरत राहिला. "माफीचं राहू दे, आजी. मला आत बसायचंय."

पायरीवरचं ऊन झुंबरबाईनं पाहिलं होतं. डोक्यावर धरलेली पाटी पाहिली होती. त्या दिवसापासून रोज त्याच्याशेजारून उंबरा ओलांडत होती, आणि उंबऱ्याच्या आत बसत होती. काठी मागायचं सुचलं, हे सुचलं नाही.

"बराबर हाये तुझं," ती म्हणाली. "बिलकुल बराबर हाये."

सकाळी तिनं मास्तरांना सांगितलं, "मपल्या नातीच्या दोन्ही अंगाला जागा रिकामी हाये. रामकिसनला तिथं बसू द्या."

मास्तरांनी आधी बाहेर बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. "झुंबरबाई, काठीचं झालं ते झालं. हे नाही व्हायचं. गाव शाळा पेटवून देईल."

"बरं," बाई म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. फक्त या वेळी उंबऱ्याच्या आत नाही. बाहेर, पायरीवर, रामकिसनशेजारी. दिवसभर सूत कातलं. शाळा सुटताना तिनं सुताला एक गाठ मारली आणि धागा मास्तरांच्या हातात ठेवला.

"आज कुणाला मारलं मी?" मास्तर म्हणाले.

"मारलं न्हाई. बाहेर बसवलं. ते बी मोजते आता."

मोहतमीम साहेब आले, पट तपासून खूश होऊन गेले. पायरीवर बसलेली म्हातारी कोण, असं त्यांनी विचारलं नाही. धागे येत राहिले, रोज एक गाठ. मास्तरांनी पहिले काही फेकले, मग फेकायचं बंद केलं, टेबलाच्या खणात ठेवायला लागले. सव्विसाव्या दिवशी सुताचा गुंता अडकून खण लागेना. त्यांनी तो पूर्ण बाहेर ओढला आणि सूत हातात घेऊन बघत बसले. मग ते दारात आले. चेहरा घामानं डबडबला होता. भीती वाटत होती माणसाला, आणि ती दिसत होती.

"रामकिसन," ते म्हणाले, "पाटी घे. आत ये."

त्या दिवशी सात घरांनी आपली लेकरं उठवून नेली. महिन्याभरात चार परत आली. तीन आलीच नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पाटलांनी चावडीत आरडाओरड केली. पण रायभान घरी बसला नाही, गोपिकाबाईंनी बसू दिला नाही.

रामकिसन तुळजाच्या डाव्या अंगाला बसला. पहिले दोन दिवस दोघं अंग चोरून बसली. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी उतारा घातला, सगळ्या माना खाली गेल्या, पेन्सिली करकरायला लागल्या. एक डावरी, एक उजवा. व्हायचं तेच झालं.

"आजी!" रामकिसन उंबऱ्याकडं बघून ओरडला. "हिचं कोपर लागून राह्यलं मला!"

"त्याचंच लागतंय!" तुळजा त्याच्या वरताण ओरडली. "मपली रेघ मोडली त्यानं!"

खोलीतल्या पेन्सिली थांबल्या. लागलं, म्हणजे शिवलं. सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं, आणि मास्तरांनी झुंबरबाईकडं.

झुंबरबाईनं चाती हातात घेतली, डाव्या हातानं गरकन फिरवली.

"लागू द्या," ती म्हणाली. "सरकू नगा कुणी. लिहा."